पत्रकात नसलेले नाव

शनिवारी दुपारी चार वाजता सामना सुरू झाला तेव्हा फाशेरोच्या मैदानात चार हजार एकशे माणसे होती. गावाची वस्ती अकरा हजार. उरलेल्यांपैकी बरीच माणसे मैदानाभोवतीच्या घरांच्या छपरांवर होती, आणि काही पाण्याच्या टाकीवर चढली होती. त्यांना खाली उतरवायला गेलेला पोलीसही तिथेच बसून राहिला.

ईशान्य कप हा ब्राझीलच्या ईशान्येकडील नऊ राज्यांतल्या क्लबांचा. फाशेरोला त्याच्या पूर्वफेरीत जागा मिळाली होती, ती क्लबच्या बासष्ट वर्षांत पहिल्यांदा. एकच सामना, जिंकेल तो गटात, हरेल तो घरी. गटात गेले की किनाऱ्यावरचे मोठे क्लब चारशे किलोमीटर बसप्रवास करून काटेरी माळावरच्या या गावात खेळायला येणार होते. गावातल्या न्हाव्याने त्या क्लबांची नावे आरशावर साबणाने लिहून ठेवली होती. समोरचा संघ होता मारे आल्ता, शेजारच्या राज्याच्या राजधानीतला. बलाढ्य नव्हता, पण त्यांच्याकडे स्वतःचा डॉक्टर, स्वतःचा वकील आणि थंडगार बस होती. फाशेरोची बस गुरुवारी मिरवणुकीच्या सामानासाठी दिलेली होती.

क्लबचे कार्यालय मैदानाच्या मुख्य प्रेक्षक गॅलरीमागे, जिन्याखालच्या खोलीत आहे. तिथे बावीस वर्षे दोना झुलेइदे बसते. वय अठ्ठावन्न, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, क्लबची सचिव. खेळाडूंचे करार, नोंदण्या, पिवळ्या कार्डांचा हिशोब, रेफरीच्या जेवणाची सोय, सगळे तिच्याकडे. या बावीस वर्षांत तिच्या कागदात चूक निघाली नव्हती. अध्यक्ष सेउ ओतासिलियो पाहुण्यांना सांगत की, आमच्या संघात खेळता येणारी एकच व्यक्ती आहे आणि ती खुर्चीवर बसते.

त्या दिवशी राखीव खेळाडूंच्या बाकावर अठरा नंबरचा सदरा घालून तिचा धर्मपुत्र बसला होता. एरिनाल्दो, म्हणजे नाल्दो. पस्तीस वर्षांचा. बाप्तिस्म्याला त्याला हातांवर घेणारी झुलेइदेच, म्हणून तो तिला मद्रिन्या म्हणतो आणि भेटला की आधी आशीर्वाद मागतो, मग बोलतो. सतराव्या वर्षी त्याने गाव सोडले, अकरा क्लबांत खेळला, एकदा पोर्तुगालला सात महिने राहून आला. फाशेरोच्या मोठ्या संघातून मात्र तो कधीच खेळला नव्हता. त्याच्या आईचे घर उत्तरेकडच्या गोलमागे आहे. लहानपणापासून त्या कुंपणातून त्याने जेवढे सामने पाहिले तेवढे कुणी पाहिले नसतील.

फाशेरोचा आघाडीचा खेळाडू सोमवारी सरावात जायबंदी झाला. मंगळवारी नाल्दोने आपल्या तेव्हाच्या क्लबकडे मुक्त करण्याची विनंती केली. बुधवारी संध्याकाळी त्याची मुक्ततेची कागदपत्रे आली. गुरुवारी सकाळी नऊ वाजता झुलेइदेने करार छापला आणि नाल्दोने सही केली. अध्यक्षांची सही व्हायची होती. इथून पुढचा क्रम नीट सांगायला हवा, कारण सगळे त्यावरच फिरले.

एकोणीस मार्च हा संत जोझेचा दिवस. आमच्या राज्यात त्याची सुट्टी असते. गावाचा रक्षक तोच. आदल्या दिवशी शेतकरी बियाण्याच्या मुठी त्याच्या पायाशी ठेवतात आणि सायंप्रार्थनेनंतर घरी नेतात. क्लबचीही एक रीत आहे. मार्चमध्ये झालेला कोणताही करार आदल्या दुपारपासून संताच्या पायाशी ठेवायचा, पाद्रीने पाणी शिंपडायचे, आणि मग अध्यक्षांनी तिथेच, चर्चमध्ये सही करायची. एका वर्षी हे राहून गेले आणि गोलकीपरचा पाय मोडला, तेव्हापासून कुणी चुकवत नाही. आधी संत, मग सही.

गुरुवारी दुपारी बारा वाजता नाल्दोचा करार प्लास्टिकच्या पिशवीत घालून मक्याच्या आणि चवळीच्या मुठींमध्ये ठेवला गेला. पिशवी, पाणी लागू नये म्हणून. झुलेइदेने तेव्हा अध्यक्षांना सांगितले होते की कागद आज जायला हवेत, संध्याकाळी उशीर होईल. सेउ ओतासिलियो गावातल्या औषधाच्या दुकानाचे मालक, वय एकाहत्तर. ते म्हणाले की, संताला घाई करायची नसते, आणि उशीर म्हणजे किती, गाव काय पळून चाललंय? तिने पुन्हा सांगितले नाही. हे तिने नंतर प्रत्येकाला सांगितले, कुणी विचारले नाही तरी.

प्रार्थना लांबली. सही सात वाजायला वीस मिनिटे असताना झाली. सात वाजून बारा मिनिटांनी झुलेइदेने कागदपत्रे राज्य संघटनेच्या संगणकावर पाठवली आणि कागदपत्रे मिळाली असा निरोप लगेच आला. तिने तो वहीत लिहिला, दिवे मालवले आणि घरी गेली.

तो निरोप यंत्राचा होता. राज्य संघटनेचे कार्यालय सहाला बंद झाले होते. शुक्रवारी संताची सुट्टी. रिओला, म्हणजे राष्ट्रीय महासंघाच्या कार्यालयात, शुक्रवारी सुट्टी नव्हती, तिथे सगळे कामावर होते, पण राज्याने पुढे पाठवल्याशिवाय रिओ कागदाला हात लावत नाही. आणि नियम असा की खेळाडूचे नाव सामन्याआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी रिओच्या दैनिक नोंदणी पत्रकात छापून आले पाहिजे. कुणाच्या कामाचा दिवस, तर रिओच्या. राज्याच्या स्पर्धेत झुलेइदेने बावीस वर्षे आपल्या राज्याच्या सुट्ट्या मोजल्या होत्या. तिथे संताचा दिवस कुणाच्याच हिशोबात नसे, नाव सामन्याच्या सकाळी आले तरी चाले. या कपात तो दिवस रिओने मोजला आणि आमच्याकडे कुणी काम केले नाही.

शुक्रवारी ती मिरवणुकीत निशाण धरून चालली. पत्रक उघडून पाहण्याचे तिच्या मनातही आले नाही. शनिवारी दुपारी अडीच वाजता तिने सामन्याची यादी टंकित केली, अकरा आणि सात, अठरा नंबरपुढे एरिनाल्दोचे पूर्ण नाव. अध्यक्षांनी सही केली. यादी रेफरीकडे गेली. ती तपासण्याचे काम रेफरीचे नसते, क्लबचे असते.

पहिला अर्धा गोलशून्य गेला. चार वाजून एकोणपन्नास मिनिटांनी मारे आल्ताचे वकील कार्यालयाच्या दाराशी आले. दोतोर लिंदोल्फो (इथे वकिलालाही दोतोर म्हणतात), बारीक अंगाचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस. बाहेर रांग आहे, इथे कॉफी मिळेल का, असे त्यांनी विचारले. झुलेइदेने थर्मासमधली दिली. त्यांनी कॉफीचे कौतुक केले, भिंतीवरचे जुने फोटो पाहिले, मैदानाच्या गवताबद्दल दोन चांगले शब्द बोलले. मग म्हणाले, तुमचा अठरा नंबर यादीत नवा दिसतो, कधी आलं पत्रकात त्याचं नाव?

गुरुवारी, झुलेइदे म्हणाली.

गुरुवारी, असे त्यांनी पुन्हा म्हटले, आभार मानले, पेला धुवायच्या जागी नेऊन ठेवला आणि गेले.

त्या पेल्यामुळे तिला शंका आली, असे ती पुढे म्हणाली. दुसऱ्याच्या घरी पेला उचलून ठेवणारा माणूस घाईत नसतो. तिने संगणक सुरू केला. गुरुवारच्या पत्रकात नाव नव्हते. शुक्रवारच्या पत्रकात नव्हते. तिने आडनावाने शोधले, मग आईच्या आडनावाने, मग जन्मतारखेने. शेवटी राज्याच्या पानावर सापडले: प्राप्त गुरुवार, १९:१२. स्थिती, प्रलंबित.

नियमाचे पुस्तक टेबलाच्या खणात होते. तिला ते काढायची गरज नव्हती. नोंदणी नसलेला खेळाडू मैदानात उतरला तर गुन्हा, आणि नुसता यादीत असला तरी गुन्हा. बाद फेरीत शिक्षा एकच, स्पर्धेबाहेर. यादी दोन तासांपूर्वी दिली होती. ती परत घेता येत नाही.

दुसरा अर्धा सुरू झाला होता. झुलेइदे जिना चढून अध्यक्षांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या कानात सांगितले. सेउ ओतासिलियोंच्या हातात उकडलेले मक्याचे कणीस होते. त्यांनी ते मांडीवर ठेवले. मग कुणाकुणाला माहीत आहे, असे विचारले. ती म्हणाली, तुम्हाला, मला आणि त्या दोतोरला. त्यांनी विचारले, नाल्दोला खेळवलाच नाही तर? ती म्हणाली, फरक नाही. त्यांनी विचारले, आत्ता रेफरीला सांगितलं तर? तिने सांगितले, तो लिहून घेईल, एवढंच.

"मग उपाय काय, झुलेइदे?"

"आपण हरलो तर ते तक्रार करणार नाहीत. कशाला करतील? हरलो तर एवढंच होईल, की हरलो."

"म्हणजे हरायचं."

"मी तसं म्हटलं नाही."

"नाही," सेउ ओतासिलियो म्हणाले. "तू नुसतं वाचून दाखवलंस."

त्यानंतर ते दोघे जे करत होते ते आमच्या गावात याआधी कुणी केले नसेल. चार हजार माणसे ज्या चेंडूवर श्वास रोखत होती त्यावर त्या दोघांना सुटका वाटत होती, आणि उलटही. एकसष्टाव्या मिनिटाला मारे आल्ताचा फटका खांबावर आपटून बाहेर गेला. सगळी गॅलरी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. झुलेइदे बसून राहिली. चेंडू आत गेला नाही याचे तिला वाईट वाटले होते, आणि तसे वाटले हे तिच्या लक्षात आले. पुढच्या रांगेतली बाई मागे वळून म्हणाली, दोना झुलेइदे, रंग उडाला तुमचा, पाणी घ्या. तिने पाणी घेतले.

सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास ती खाली, बाकाजवळ गेली. प्रशिक्षकाला इथे प्रोफेसर म्हणतात. प्रोफेसर जाइल्तोन कुंपणाला पाठ लावून उभा होता. शाळेत तो तिचाच विद्यार्थी. तिने त्याला बाजूला बोलावून चार वाक्यांत सगळे सांगितले. नाल्दो दहा पावलांवर पोटऱ्या ताणत होता. मद्रिन्या दिसताच त्याने हात वर केला.

"यादीत नाव गेलं तिथेच संपलं, असं ना?" जाइल्तोनने विचारले.

"हो."

"आता खेळला तर आणखी काय जाईल?"

"काही नाही. जायचं ते गेलंय."

"आणि नाही खेळवला तर काही परत येईल?"

"नाही."

जाइल्तोनने तिच्याकडे पाहिले. शाळेत गणित अडले की असेच बघायचा. मग म्हणाला, "मग त्याला खेळू द्या, मास्तरीण बाई. तेवढं तरी होऊ द्या."

परवानगी द्यायला तिच्याकडे काही उरले नव्हते. एकोणऐंशीव्या मिनिटाला अठरा नंबरची पाटी वर गेली.

नाल्दो धावत आत गेला तेव्हा टाकीवरून कुणीतरी ओरडले की, अरे आजोबा, नातवाचे बूट नातवाला परत देऊन ये. सगळे हसले, तोही हसला. त्याच्या आईच्या छपरावर वीसेक जण उभे होते. पहिल्या चेंडूला तो अर्धा सेकंद उशिरा पोहोचला. दुसऱ्याला एक सेकंद. मारे आल्ताचा बचावपटू त्याला काहीतरी बोलला, त्याने मान डोलावली, जणू पटले. दोतोर लिंदोल्फो पाहुण्यांच्या जागेवर गुडघ्यावर वही ठेवून बसले होते. नाल्दो आत आला ती वेळ त्यांनी लिहिली. नंतर वही मिटली आणि खेळ बघू लागले.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला डावीकडून कॉर्नर मिळाला. चेंडू गर्दीत पडला, एकाच्या खांद्याला लागला, दुसऱ्याच्या छातीला, आणि नाल्दोच्या गुडघ्याला. त्याने मारला नाही. तो तिथे होता, इतकेच. चेंडू गोलकीपरच्या हाताखालून आत गेला. उत्तरेकडचा गोल, ज्याच्यामागे त्याचे घर.

पुढच्या दोन मिनिटांचे वर्णन गावातला कोणीही करील, तेही प्रत्येक जण वेगळे. मी एवढेच नोंदवतो की सेउ ओतासिलियो उठून उभे राहिले, दोन्ही हात वर केले, आणि हात तसेच ठेवून रडू लागले. शेजारच्यांना वाटले, आनंदाने. झुलेइदे बाकाजवळच होती. नाल्दो सगळ्यांना चुकवत थेट तिच्याकडे आला, कुंपणापाशी वाकला.

"आशीर्वाद द्या, मद्रिन्या."

"देव तुझं भलं करो, पोरा."

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आत्ता सांगावे असे तिच्या मनात आले, असे ती म्हणते. पण दोन मिनिटांचा खेळ बाकी होता, आणि रेफरी त्याला बोलावत होता.

सामना एक-शून्य संपला. लोक नाल्दोला खांद्यावर घेऊन चौकाकडे गेले. सव्वासहाला दोतोर लिंदोल्फो पुन्हा कार्यालयात आले आणि सामन्याच्या यादीची शिक्का मारलेली प्रत मागितली. ती मागण्याचा त्यांना हक्क होता. झुलेइदेने शिक्का शाईच्या डबीवर दाबला, मारला, तारीख घातली, सही केली. पहिला शिक्का फिकट उठला म्हणून त्यांनी विनम्रपणे दुसरा मारून मागितला. तोही तिने मारला.

दारात थांबून ते म्हणाले, "दोना झुलेइदे, तुमचा संघ चांगला खेळला. मला हे करायला आवडत नाही."

"मग करू नका."

"माझ्या जागी तुम्ही असता तर?"

तिलाही बावीस वर्षांत तीन वेळा समोरच्याच्या कागदांत चूक सापडली होती, आणि तिन्ही वेळा तिने तक्रार पाठवली होती.

रविवारी गाव झोपून उठले ते उशिरा. झुलेइदे सकाळी आठ वाजता नाल्दोच्या आईच्या घरी गेली. तो मक्याचा उपमा आणि अंडी खात होता. तिने उभ्याउभ्याच सांगितले. आधी तो हसला. त्याला वाटले, अध्यक्षांनी पढवून पाठवलेली थट्टा आहे. आई त्याच्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत होती. मग त्याने ताट बाजूला सारले आणि एकच गोष्ट विचारली, काल मैदानात आशीर्वाद देताना तुम्हाला हे ठाऊक होतं का? ती हो म्हणाली. आईने तिला कॉफी दिली, नेहमीपेक्षा कमी साखरेची.

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी तक्रार आली. त्याच संध्याकाळी सहाच्या पत्रकात नाल्दोचे नाव छापून आले. नोंदणी मंजूर, फाशेरो, एकतीस डिसेंबरपर्यंत. झुलेइदेने त्या पानाची प्रत काढली आणि फाइलला लावली, कारण तशी पद्धत आहे.

सुनावणी बुधवारी, संगणकाच्या पडद्यावर. सेउ ओतासिलियोंनी कोट घातला होता. गावच्या वकिलाने रीत सांगितली, संत सांगितला, सुट्टी सांगितली. पाच न्यायाधीशांपैकी एकाने विचारले, मक्याच्या बियांबरोबर नेमका कोणता कागद ठेवला होता? वकिलाने सांगितले. दुसऱ्याने विचारले, सही नंतर का? त्याचेही सांगितले. कुणी हसले नाही. उलट त्यातला सर्वांत वयस्क म्हणाला की त्याची आजीही संत जोझेला मका वाहायची. मग निकाल, पाच विरुद्ध शून्य, फाशेरोच्या विरोधात. सगळे मिळून अकरा मिनिटे लागली.

न्हाव्याने आरसा पुसला. मारे आल्ता गटात गेला, आणि किनाऱ्यावरचे क्लब त्यांच्याकडे खेळायला जाणार हे ठरले. फाशेरोला पुढच्या जानेवारीपर्यंत एकही सामना उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी सांगितले की सगळ्यांचे करार संपवावे लागतील, पोरांना दुसरीकडे जाऊ दे. ते चर्चकडे गेले आणि झुलेइदेने छापील अर्जांचा गठ्ठा काढला.

दुपारी तीनच्या सुमारास नाल्दो आला. दारातच त्याने आशीर्वाद मागितला. रविवारनंतर पहिल्यांदाच. मग समोरच्या खुर्चीवर बसला.

"तो गोल पण काढून टाकला का?"

निकालपत्र टेबलावरच होते. तिने चष्मा घातला आणि वाचले. सामन्याचा निकाल कायम. फाशेरो एक, मारे आल्ता शून्य. गोल, एरिनाल्दो, अठ्ठ्याऐंशीवे मिनिट. फाशेरो क्लब स्पर्धेतून बाद.

"पुन्हा वाचा."

तिने पुन्हा वाचले.

"म्हणजे जिंकलो आपण."

"हो."

"आणि बाहेर."

"हो, बाळा."

बाहेर कुणीतरी मैदानाला पाणी घालत होते. नाल्दोने निकालपत्र आपल्याकडे वळवून घेतले, स्वतःच्या नावावर बोट ठेवले, पाहिले, आणि कागद परत सरळ करून तिच्यापुढे ठेवला. मग विचारले की, तुमच्या हातात तो काय अर्ज आहे. तिने सांगितले, मुक्ततेचा, सगळ्यांचेच करायचेत. कुणापासून सुरुवात करणार, असे त्याने विचारले. ती म्हणाली, यादीच्या क्रमाने, गोलकीपरपासून. तो म्हणाला, माझ्यापासून करा, मी इथेच आहे, सही करून जातो.

तिने अर्ज टंकयंत्रात घातला. नाव, जन्मतारीख, क्लब, नोंदणीचा दिनांक. त्या रकान्याशी ती थांबली, मग सोमवारची तारीख लिहिली. पत्रकातून नाव निघायला दोन दिवस लागतील, असे तिने त्याला सांगितले.

तो म्हणाला, घाई नाही.